घरच्या कुरकुरीत ब्रेडवरची चीर का फुलत नाही? आकार देण्यापासून ब्लेड फिरवण्यापर्यंत सगळं काही

ब्रेड घरी भाजणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते. चव चांगली येते, वास घरभर पसरतो, पण ब्रेड चपटा होतो. वरून मारलेली चीर उघडतच नाही, किंवा ती तशीच राहून ब्रेड भलत्याच बाजूने फुटतो. मग दोष ब्लेडला दिला जातो, महागडी सुरी मागवली जाते आणि पुढचा ब्रेडही तसाच निघतो.

चीर फुलणं हे ब्लेडच्या आधी दोन गोष्टींवर ठरतं: गोळ्याला आकार देताना त्याच्या पृष्ठभागावर किती ताण आला आणि भाजण्याआधी तो किती फुगला. गोंदियासारख्या जिल्ह्यात या दोन्ही गोष्टींवर उन्हाळा पाणी फिरवू शकतो. मे महिन्यात इथलं कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर सहज जातं. युरोपातल्या थंड स्वयंपाकघरासाठी लिहिलेली पाककृती इथे जशीच्या तशी वापरली, तर त्यातल्या वेळा चुकणारच.

ब्रेडला चीर मारतात कशासाठी?

विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेला रोडगाही बाहेरून कडक आणि आतून मऊ असतो. त्याला चीर द्यावी लागत नाही. रोडग्याच्या कणकेत यीस्ट नसतं, त्यामुळे तो भाजताना फारसा फुगत नाही.

यीस्टच्या ब्रेडचं तसं नसतं. गोळा गरम ओव्हनमध्ये गेला की पहिल्या दहा-बारा मिनिटांत तो झपाट्याने वाढतो. आत साठलेला वायू प्रसरण पावतो, पाण्याची वाफ होऊ लागते आणि यीस्टही शेवटचा जोर लावतं. साधारण ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान यीस्ट मरतं. त्याच सुमारास पिठातला स्टार्च घट्ट व्हायला लागतो आणि हळूहळू ब्रेडचा आकार पक्का होतो.

या काही मिनिटांत वायूला वाट हवी असते. ती दिली नाही, तर वरचं कवच जिथे कमजोर असेल तिथे फुटतं. चीर म्हणजे ब्रेड कुठे उघडायचा हे आधीच ठरवून ठेवलेली जागा. नक्षी हा त्यातला पुढचा भाग झाला.

गोव्याच्या पोदेरांकडून काय शिकता येतं?

कडक कवचाचा पाव आपल्याकडे परका नाही. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकलं आणि त्यांच्याबरोबर यीस्टचा पाव तिथे रुजला. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच आला. गोव्यात पाव भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात. पूर्वी तिथे पीठ आंबवण्यासाठी माडाची सूर वापरत.

गोव्याच्या पावांमध्ये आपल्या विषयाशी थेट जोडलेले दोन प्रकार आहेत. 'उंडो' हा गोल, कडक कवचाचा पाव. त्याच्या मधोमध एक चीर असते. दुसरा कात्र्याचा पाव. कोकणीत कातर म्हणजे कात्री. कात्रीने कापून आकार दिलेला हा पाव फुलपाखरासारखा दिसतो. चीर देण्यासाठी खास हत्यारच हवं असं नाही, हे या पावावरून कळतं.

पोदेराच्या भट्टीतून आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथे एकाच वेळी अनेक पाव भाजले जातात आणि भट्टीचं तोंड झाकलेलं असतं. पावांमधून निघणारी वाफ आतच कोंडते. घरच्या ओव्हनमध्ये झाकणाची कढई हेच काम करते. ते कसं, हे पुढे येईलच.

गोंदियाच्या उन्हाळ्यात पीठ थंड कसं ठेवायचं?

मळून झालेल्या पिठाचं तापमान २४ ते २६ अंश असेल, तर ते ठरल्या वेगाने फुगतं. ३२-३३ अंशांवर गेलं की यीस्ट धावत सुटतं, पीठ सैल आणि चिकट होतं आणि दिलेला आकार धरून ठेवत नाही.

यावर बेकरीवाल्यांचा एक सोपा हिशेब आहे. हवं असलेलं तापमान तीनने गुणायचं. त्यातून स्वयंपाकघराचं तापमान, मैद्याचं तापमान आणि मळण्यातून येणारी उष्णता वजा करायची. हाताने मळताना ही उष्णता साधारण २ अंश धरतात. उरलेला आकडा म्हणजे पाण्याचं तापमान.

२५ अंशांचं पीठ हवं असेल, तर:

- मे महिना, स्वयंपाकघर ३६, मैदा ३६: ७५ − ३६ − ३६ − २ = १. म्हणजे बर्फाचं पाणी.
- जुलै महिना, स्वयंपाकघर २९, मैदा २९: ७५ − २९ − २९ − २ = १५. म्हणजे फ्रिजमधलं गार पाणी आणि साधं पाणी मिसळून.
- जानेवारीची सकाळ, स्वयंपाकघर २०, मैदा २०: ७५ − २० − २० − २ = ३३. म्हणजे कोमट पाणी.

हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. बर्फ घातलात तर त्याचं वजन पाण्याच्या वजनातच धरा.

नवतपाच्या दिवसांत आणखी सोपा उपाय म्हणजे मैदाच रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणं. मैदा ८ अंशांवर आला, तर त्याच हिशेबाने पाणी २९ अंशांचं लागतं. तेव्हा बर्फाची गरज उरत नाही, माठातलं पाणीही चालतं.

पीठ आणि पाण्याचं प्रमाण किती असावं?

विदेशी पाककृतींमध्ये मैद्याच्या वजनाच्या ७५ ते ८० टक्के पाणी असतं. ते जास्त प्रथिनांच्या पिठाला झेपतं. किराणा दुकानातल्या साध्या मैद्यात तेवढं पाणी घातलं, तर गोळा पसरतो आणि पसरलेल्या गोळ्यावर चीर उभी राहत नाही. पाकिटावर १०० ग्रॅममागे प्रथिनं किती ते पाहा. १० ग्रॅमच्या आसपास असतील, तर ६० ते ६५ टक्के पाण्यापासून सुरुवात करावी.

सरावासाठी हे प्रमाण पुरेसं आहे:

- मैदा ४०० ग्रॅम
- पाणी २५० ग्रॅम
- मीठ ८ ग्रॅम
- इन्स्टंट यीस्ट अर्धा टीस्पून, म्हणजे साधारण दीड ग्रॅम

सगळं एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. मग आठ-दहा मिनिटं चांगलं तिंबा. पुरणपोळीची कणीक तिंबल्यावर जशी तार धरते, तशी लवचिक होईपर्यंत. हे पीठ सरळ भिंतीच्या डब्यात ठेवा आणि त्याच्या पातळीवर बाहेरून रबरबँड लावा. पीठ जवळजवळ दुप्पट झालं की पहिली फुगवण पूर्ण झाली. २५ अंशांना यासाठी अडीच-तीन तास लागू शकतात, तापलेल्या स्वयंपाकघरात दीड तासातही काम होतं. म्हणून घड्याळापेक्षा रबरबँडवर विश्वास ठेवावा.

आकार कसा द्यायचा?

आकार देण्याचा हेतू एकच: गोळ्याभोवती ताणलेली, गुळगुळीत त्वचा तयार करणं. हा ताण असेल तरच चीर दिल्याबरोबर तिच्या कडा बाजूला सरकतात. ताण नसेल, तर चीर म्हणजे मऊ पिठावरची नुसती रेघ.

हे काम दोन टप्प्यांत होतं.

पहिला टप्पा: पीठ ओट्यावर काढा. ते बडवू नका, मोठे बुडबुडे फक्त हलके दाबा. पुरण भरल्यावर उंडा बंद करताना कडा जशा वर आणून मिटवतात, तशाच चारही बाजूंच्या कडा मध्यभागी आणा. गोळा उलटा करा, म्हणजे जोड खाली जाईल. झाकून १५ ते २० मिनिटं ठेवा. या विश्रांतीत ग्लूटेन सैलावतं. ती टाळली तर पुढच्या टप्प्यात पीठ ताणलं जाण्याऐवजी फाटतं.

दुसरा टप्पा, गोल ब्रेडसाठी: पुन्हा कडा मध्यभागी आणून गोळा उलटा करा. आता ओट्यावर पीठ भुरभुरू नका. ओटा कोरडा आणि गुळगुळीत असेल, तर ओला हात फिरवून किंचित दमट करा. दोन्ही तळवे गोळ्याच्या मागे ठेवून तो आपल्याकडे सात-आठ सेंटिमीटर ओढा. तळ ओट्याला किंचित चिकटतो आणि वरचा भाग ताणला जातो. गोळा थोडा फिरवून असं तीन-चार वेळा करा. ओट्यावर पीठ असेल, तर गोळा नुसता घसरतो आणि ताण येत नाही. बहुतेकांची चूक इथेच होते.

दुसरा टप्पा, लांबट ब्रेडसाठी: गोळा हलक्या हाताने आयताकृती पसरवा. डावी-उजवी बाजू मध्यभागी दुमडा. मग वरच्या टोकापासून घट्ट गुंडाळत आपल्याकडे या. प्रत्येक वळीला अंगठ्याने दाबत चला. शेवटचा जोड करंजीची कड मिटवतो तसा नीट दाबून बंद करा. जोड उघडा राहिला, तर ब्रेड चिरेऐवजी खालून फुटेल.

ताण पुरेसा आला हे कसं ओळखायचं? बोटाने हलकं दाबल्यावर पृष्ठभाग लगेच उसळतो आणि त्वचेखाली बारीक बुडबुडे दिसतात. त्वचा फाटून खडबडीत दिसायला लागली, तर ताण जास्त झाला. तेव्हा तिथेच थांबा.

टोपली आणि तांदळाची पिठी

आकार दिलेला गोळा टोपलीत ठेवला की तो पसरत नाही. परदेशात यासाठी वेताच्या खास टोपल्या मिळतात. गोंदियाच्या बाजारात मिळणारी बांबूची लहान टोपली हेच काम करते. आत जुनं, स्वच्छ सुती कापड अंथरा आणि त्यावर तांदळाची पिठी चोळा.

भाताच्या या जिल्ह्यात पिठी घरोघरी असते आणि या कामासाठी ती मैद्यापेक्षा चांगली ठरते. तांदळात ग्लूटेन नसतं. त्यामुळे ओल्या गोळ्याखाली तिचा चिकट लगदा होत नाही आणि गोळा कापडातून सहज सुटतो. गोळा जोड वर ठेवून टोपलीत ठेवायचा. म्हणजे पालथा घातल्यावर गुळगुळीत बाजू वर येते.

शेवटची फुगवण किती असावी?

चीर फुलण्यासाठी गोळ्यात थोडी ताकद शिल्लक हवी. तो पूर्ण फुगून बसला, तर ओव्हनमध्ये वाढायला काही उरत नाही.

ओलं बोट सेंटिमीटरभर आत दाबून पाहा:

- खड्डा चटकन भरला: अजून वेळ हवा.
- हळूहळू भरला आणि थोडी खूण राहिली: भाजायला तयार.
- भरलाच नाही: फुगवण जास्त झाली.

गरमीत 'तयार' आणि 'जास्त' यांच्यामध्ये काही मिनिटांचंच अंतर असतं. त्यावर उत्तर आहे फ्रिज. उन्हाळ्यात आकार दिल्याबरोबर टोपली झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि ८ ते १२ तासांनी थेट बाहेर काढून भाजा. थंडीत यीस्ट मंदावतं, चव वाढते. चिरेच्या दृष्टीने मोठा फायदा म्हणजे त्वचा घट्ट होते आणि ब्लेड पिठाला ओढत नाही. गार गोळ्यावर बोटाची चाचणी तितकी नेमकी येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात सारखा उघडझाप होणारा फ्रिज आतून पुरेसा थंड राहत नाही. टोपली मागच्या बाजूला, फ्रीझरजवळच्या कप्प्यात ठेवणं बरं. वीज वारंवार जात असेल, तर रात्रभराचा बेत सोडा. गोळा बाहेरच फुगवून भाजण्याआधी २० ते ३० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. तेवढ्याने वरची त्वचा चिरण्याइतकी घट्ट होते.

चीर कशी मारायची?

ब्रेड भाजणारे पातळ ब्लेड बसवलेली दांडी वापरतात. तिला 'लाम' म्हणतात. दाढीचं दुधारी ब्लेड बांबूच्या काडीत ओवलं की घरचं लाम तयार होतं. स्वयंपाकघरातली सुरी जाड असते, ती पीठ कापण्याऐवजी दाबते. ब्लेड नवं असावं. वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून टाका.

ओव्हन तापल्यावरच गोळा फ्रिजमधून काढा. तो बटर पेपरवर पालथा करा, जास्तीची पिठी हलक्या हाताने झाडा आणि लगेच चीर द्या.

- खोली: मुख्य चीर अर्धा ते एक सेंटिमीटर. फुगवण थोडी कमी वाटली तर खोल, जास्त वाटली तर उथळ.
- कोन: लांबट ब्रेडला ब्लेड आडवं, पृष्ठभागाशी ३० ते ४५ अंशांत. अशाने एका बाजूला पातळ पापुद्रा सुटतो. तो भाजताना उचलला जातो आणि खरपूस कड तयार होते.
- गोल ब्रेडवर अधिक किंवा चौकोन: ब्लेड सरळ उभं. ब्रेड सगळीकडून सारखा उघडतो, उचललेली कड येत नाही.
- वेग: एका दमात. करवतीसारखं पुढे-मागे करू नका. पहिला हात उथळ पडला, तर त्याच रेषेवरून पुन्हा एकदा फिरवा.
- जागा: लांबट ब्रेडला मध्यापासून किंचित बाजूला, जवळजवळ टोकापासून टोकापर्यंत.

बागेतसारख्या लांब, सडपातळ ब्रेडला तीन-चार चिरा असतात. त्या आडव्या नसून ब्रेडच्या लांबीच्या दिशेने तिरप्या असतात आणि प्रत्येक चीर आधीच्या चिरेला एक तृतीयांश लांबीपर्यंत समांतर जाते.

पाना-फुलांची नक्षी हवी असेल, तर ती दोन-तीन मिलिमीटरच खोल ठेवा आणि एक मुख्य खोल चीर वेगळी द्या. सगळ्याच चिरा उथळ असतील, तर नक्षीच्या मधोमध ब्रेड फुटेल. ब्लेडची भीती वाटत असेल, तर टोकदार कात्रीने वरून तीन-चार तिरपे छेद द्या. छोट्या पावांसाठी ते उत्तम.

वाफ नसेल तर चीर का मिटते?

कोरड्या ओव्हनमध्ये ब्रेडचं कवच पहिल्या काही मिनिटांतच सुकून घट्ट होतं आणि चीर उघडण्याआधी थिजते. वाफेमुळे पृष्ठभाग ओला आणि लवचिक राहतो. वरच्या स्टार्चची पातळ खळ होते आणि पुढे तिचीच चमकदार, कुरकुरीत पपडी बनते.

घरच्या ओव्हनसाठी बिडाची झाकणवाली कढई किंवा जाड बुडाचं भांडं घ्या. त्याला प्लास्टिकची मूठ नसावी. ओव्हन २३० ते २४० अंशांवर ठेवून भांडं आणि झाकण ३० ते ४० मिनिटं तापवा. चीर दिलेला गोळा बटर पेपरसकट आत सोडा. २० मिनिटं झाकून आणि २० ते २५ मिनिटं झाकण काढून भाजा. छोट्या ओव्हनमध्ये वरची कांडी ब्रेडच्या फार जवळ येते, म्हणून जाळी सर्वांत खाली लावा. तापलेल्या ओव्हनच्या काचेवर पाणी उडू देऊ नका, ती तडकू शकते.

रंग गडद तपकिरी आला आणि तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की ब्रेड झाला. थर्मामीटर असेल, तर आतलं तापमान ९६ ते ९८ अंश असावं. जाळीवर किमान तासभर निववून मगच कापा.

गोंदियाच्या पावसाळ्यात कवच काही तासांत मऊ पडतं. शेवटची पाच मिनिटं ओव्हनचं दार किंचित उघडं ठेवा. दुसऱ्या दिवशी १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं गरम केला की कुरकुरीतपणा परत येतो.

ब्रेड बघून चूक कशी ओळखायची?

- चपटा ब्रेड, चीर पसरलेली: फुगवण जास्त, पाणी जास्त किंवा आकार देताना ताण कमी.
- चीर जोरात फाटलेली, आतून घट्ट: फुगवण कमी.
- चीर मिटलेली, बाजूने फुटलेला: चीर उथळ किंवा वाफ कमी.
- तळाजवळ फुटलेला: जोड नीट बंद झाला नाही किंवा चीर लहान पडली.
- चिरेच्या कडा ओरखडल्यासारख्या: बोथट ब्लेड किंवा पुरेसा गार नसलेला गोळा.
- चीर उघडली, पण कड उचलली नाही: ब्लेड उभं धरलं गेलं.

गोळा टोपलीतच ढिला पडलेला दिसला, तर त्यावर खोल चीर देऊ नका. त्याने तो आणखी बसतो. तेल लावलेल्या पसरट डब्यात ओता, बोटांनी खळगे करा, वर तेल, मीठ, हवं तर कांदा-लसूण घालून भाजा. इटलीत अशा चपट्या ब्रेडला फोकाचा म्हणतात. पीठही वाया जात नाही.

पुढच्या वेळी काय बदलायचं?

एका वेळी एकच गोष्ट बदला. पाणी, फुगवण आणि कोन तिन्ही एकदम बदलले, तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. प्रत्येक वेळी चार आकडे वहीत लिहून ठेवा: स्वयंपाकघराचं तापमान, मळल्यावर पिठाचं तापमान, पहिल्या फुगवणीचा वेळ आणि फ्रिजमधला वेळ. मे, जुलै आणि जानेवारीची तीन पानं भरली, की आपल्या स्वयंपाकघरासाठीची वेळापत्रकं हाताशी येतात.

सुरुवात मात्र आकारापासून करा. त्याच प्रमाणाचं पीठ मळा, ओट्यावर पीठ न भुरभुरता गोळा ताणा, रात्रभर गार ठेवा आणि मधल्या एका सरळ चिरेवर थांबा. ती चीर नीट उघडायला लागली की मग नक्षीकडे वळा.